बोले-ठराव व कायदेमंडळाचे दप्तर

रावबहादूर सीताराम केशव बोले यांचे नाव आपल्या भंडारी ज्ञातीत अभिमानाने घेतले जाते. परंतु त्यांचे कार्य ऐकीव कथांवर न सोडता मुंबई कायदेमंडळाच्या छापील वृत्तान्तातून शोधणे हेच खरे इतिहासकार्य होय. सार्वजनिक पाणवठे, शाळा व धर्मशाळा अस्पृश्य बांधवांस खुल्या करण्याचा त्यांचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत झाला. मात्र शोधकाने तेवढ्यावर थांबू नये. अंमल न करणाऱ्या नगरपालिकांचे अनुदान रोखावे, असा ठराव बोले यांना १९२६ मध्ये पुन्हा आणावा लागला. पुढे २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला. ठराव व अंमल यांतील हे अंतर पुढील वर्षांचे वृत्तान्त वाचल्यावाचून कळत नाही. कांजूरमार्गच्या आपल्या तरुणांनी हे वाचन अवश्य हाती घ्यावे.