नेक्सकार१९

नेक्सकार१९ (औषधी नाव: ॲक्टालिकॅबटाजिन ऑटोल्यूसेल) ही रक्ताच्या काही कर्करोगांवरील, भारतात विकसित झालेली पहिली कार-टी पेशी उपचारपद्धती होय. आयआयटी मुंबई व टाटा मेमोरियल सेंटर यांच्या सहकार्यातून ती साकारली. उत्पादन इम्युनोॲक्ट ही आयआयटी मुंबईतूनच उदयास आलेली कंपनी करते. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला मान्यता दिली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते तिचे लोकार्पण झाले.

कार्यपद्धती

रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी, वेगळ्या काढल्या जातात. निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या साहाय्याने त्यांत एक नवे जनुक सोडतात. त्यामुळे पेशीच्या पृष्ठभागावर ‘कायमेरिक’ ग्राही तयार होतो. कायमिरा हा ग्रीक पुराणातील सिंह, बोकड व सर्प यांच्या अवयवांचा प्राणी. नरसिंह आठवला तरी कल्पना स्पष्ट होते. हा ग्राही बी-पेशींवरील सीडी१९ हे प्रथिन ओळखतो. प्रयोगशाळेत संख्या वाढवलेल्या या पेशी, रुग्णाला अल्प केमोथेरपी दिल्यानंतर, सलाइनप्रमाणे शिरेतून परत सोडल्या जातात. औषध प्रत्येक रुग्णासाठी त्याच्याच पेशींपासून बनते, म्हणून गोळ्यांसारखा त्याचा साठा करता येत नाही.

परदेशातील आधीच्या उपचारांत सीडी१९ ओळखणारा भाग उंदराच्या प्रतिपिंडापासून घेतलेला असे. येथे त्याला मानवी प्रतिपिंडाच्या जवळचे रूप दिले आहे.

चाचण्या व दुष्परिणाम

डॉ. राहुल पुरवार (आयआयटी), डॉ. हसमुख जैन व डॉ. गौरव नरुला (टाटा मेमोरियल) यांचा या कामात प्रमुख वाटा आहे. अन्य उपचारांना दाद न दिलेल्या किंवा पुन्हा उलटलेल्या बी-पेशी लिम्फोमा व ल्युकेमियाच्या रुग्णांवर चाचण्या झाल्या. २०२५ मध्ये ‘लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’त प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, परिणाम तपासता आलेल्या ५१ रुग्णांपैकी सुमारे ७३ टक्क्यांना प्रतिसाद मिळाला. प्रतिसाद म्हणजे कायमची मुक्ती नव्हे. काहींचा रोग पुढे उलटतो.

टी-पेशी एकदम सक्रिय झाल्याने तीव्र ताप व रक्तदाब घसरणे असा ‘सायटोकाइन प्रकोप’ होऊ शकतो. रक्तपेशींची संख्या घटते. निरोगी बी-पेशीही नष्ट होत असल्याने संसर्गाचा धोका राहतो. त्यामुळे प्रशिक्षित मनुष्यबळ व अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयातच हा उपचार करावा लागतो.

खर्च

अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळालेल्या किमरिया या पहिल्या कार-टी उपचाराची तेव्हाची किंमत ४,७५,००० डॉलर होती. नेक्सकार१९ची किंमत सुमारे ३० ते ४० लाख रुपये सांगितली जाते. रुग्णालयाचा खर्च वेगळा. ही घट मोठी खरी, पण शेतमजूर वा पगारदार कुटुंबाला ‘स्वस्त’ हा शब्द येथे लागू पडत नाही. विमा, शासकीय योजना किंवा धर्मादाय निधी यांचा आधार मिळाल्याशिवाय बहुतेकांना हा उपचार घेणे शक्य नाही.