फुटक्या मडक्यातली बाग

नारळाच्या करवंटीत, चहाच्या कुल्हडमध्ये कोथिंबीर लावलेली रील्स बघितली असतीलच. पण ही आयडिया जुनी आहे बरं का. चला, इ.स.पू. पाचव्या शतकातल्या अथेन्सला.

तिथल्या बायका फुटक्या मडक्यांत माती भरून लेट्यूस, बडीशेप पेरायच्या आणि शिडीनं छपरावर न्यायच्या. ॲफ्रोडाइटी देवीचा प्रियकर अडोनिस तरुणपणीच गेला, त्याच्या शोकाचा हा सण. माती उथळ, ऊन कडक. रोपं भराभर उगवायची नि तशीच मान टाकायची. तेच तर हवं होतं! घटस्थापनेला आपण पत्रावळीत धान्य पेरतो ना, दिसायला काहीसं तसंच. फक्त इथे शेवटी रडारड.

पुरुषमंडळींना याचं कौतुक नव्हतं. प्लेटोच्या ‘फीड्रस’मध्ये सॉक्रेटिस विचारतो, शहाणा शेतकरी खरं बियाणं असल्या आठ दिवसांच्या बागेत घालेल का? इ.स.पू. 411च्या ‘लिसिस्ट्राटा’ नाटकात तर एक अधिकारी चिडून सांगतो: सभेत सिसिलीवरच्या स्वारीची चर्चा चाललेली, आणि छपरावर एक बाई अडोनिससाठी गळा काढतेय! मतदानाचा हक्क नसलेली बाई, हे लक्षात घ्या. स्वारी निघालीच. इ.स.पू. 413मध्ये ते सैन्य सिसिलीत संपलं, आणि नाटक बघायला बसलेल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं.