उठला म्हणजे सावरला असें नव्हे

अमरावती येथें १९१४ सालीं स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें वऱ्हाडांतील तरुणांना मातींत लोळावयास, मल्लखांबावर चढावयास आणि लाठी फिरवावयास शिकविलें. १९३६ सालीं याच मंडळाच्या पथकानें बर्लिन येथील ऑलिंपिक प्रसंगीं कबड्डी व इतर देशी खेळ परदेशीयांना करून दाखविले. आखाड्याची शिकवण सर्वत्र एकच असते : पडलेल्यानें माती झटकून उठावें. ही शिकवण मोलाची खरी. परंतु तिला एक अपवाद आहे, आणि तो ओळखावयास जगाला फार काळ लागला. तो अपवाद म्हणजे मेंदूला बसलेला हिसका. इंग्रजी वैद्यकांत त्याला कन्कशन असें नांव आहे.

मेंदू हा कवटीच्या आंत पाण्यासारख्या द्रवांत तरंगत असतो. वेगांत असलेलें डोकें एकाएकीं थांबलें किंवा गरकन् वळलें, म्हणजे तो आंतल्या आंत हादरतो. त्यासाठीं डोक्यावरच मार बसला पाहिजे असें नाहीं. अंगाला बसलेली जोराची धडकहि पुरते. रक्त दिसत नाहीं, बहुतेक वेळां शुद्धहि हरपत नाहीं, आणि क्ष-किरणांच्या चित्रांत कांहीं आढळत नाहीं. सुश्रुतानें शरीरांतील १०७ मर्में सांगितलीं, त्यांपैकीं ३७ मान व मस्तक या भागांतील आहेत. दहाव्या शतकाच्या सुमारास इराणांतील वैद्य अल् राझी यानें मेंदूच्या या हादऱ्याला कवटीच्या अस्थिभंगापासून वेगळें काढलें. म्हणजे वैद्यांना ही गोष्ट अगदींच अपरिचित नव्हती. अपरिचित होती ती मैदानाला.

मैदानाचें माप निराळें होतें. १८६७ सालीं इंग्लंडांत प्रसिद्ध झालेल्या क्वीन्सबरी नियमांनीं खालीं पडलेल्या मुष्टियोद्ध्याला उठण्यासाठीं १० सेकंद दिले. तेवढ्यांत जो उभा राहिला तो लढण्यास योग्य ठरला! या मापानें पाय तपासले, मेंदू तपासला नाहीं. १९२८ सालीं अमेरिकेंतील न्यू जर्सी प्रांताचे डॉ. हॅरिसन मार्टलंड यांनीं वर्षानुवर्षें ठोसे खाल्लेल्या योद्ध्यांची अडखळती चाल, मंद बोलणें आणि ढासळलेली बुद्धि यांचें वर्णन प्रसिद्ध केलें, तेव्हां त्या मापाची खरी किंमत जगापुढें आली.

भारतीय क्रिकेटांत १७ मार्च १९६२ हा दिवस विसरतां येण्यासारखा नाहीं. बार्बाडोस संघाविरुद्ध खेळतांना भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर चार्ली ग्रिफिथ यांचा चेंडू आदळला आणि कवटी फुटली. त्या काळीं फलंदाज शिरस्त्राण वापरीत नसत. वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल यांनीं आणि भारतीय संघांतील चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी व पॉली उम्रीगर यांनीं रक्त दिलें. कॉन्ट्रॅक्टर वांचले, पुढें प्रथम दर्जाच्या क्रिकेटांत परतलेहि. परंतु कसोटी सामना त्यांना पुन्हां खेळतां आला नाहीं. ही जखम इतकी उघड होती कीं तेथें कोणाला शंका घ्यावयास जागाच नव्हती. फेब्रुवारी १९९८ मध्यें ढाक्का येथें रमण लांबा यांचें तसें झालें नाहीं. फलंदाजाच्या अगदीं जवळ शिरस्त्राणाविना उभे असतां त्यांना चेंडू लागला. ते स्वतःच्या पायांनीं मैदानाबाहेर गेले, आणि २३ तारखेला त्यांचा अंत झाला. त्यांची दुखापत साध्या हिसक्याहून फार भयंकर होती; परंतु पहिल्या घटकेला हा भेद पाहणाराला कळत नाहीं, हाच या प्रसंगाचा बोध होय.

दुसरा धोका याहून फसवा आहे. पहिला हिसका पुरता बरा झालेला नसतांना दुसरा बसला, तर क्वचित् मेंदूला एकाएकीं सूज येऊन प्राणावर बेततें, असें १९८४ सालीं अमेरिकन वैद्यांनीं दाखवून दिलें. त्याला बहुधा कोंवळ्या वयाचीं मुलेंच बळी पडतात. २००६ सालीं अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यांत १३ वर्षांचा एक शाळकरी खेळाडू डोक्याला मार लागूनहि त्याच सामन्यांत परत उतरला आणि जन्माचा अपंग झाला. तेव्हां २००९ सालीं तेथें कायदा झाला : अशी शंका येतांच मुलाला बाहेर काढावें, आणि वैद्याच्या लेखी अनुमतीवांचून परत घेऊं नये. २०१२ सालीं झुरिच येथील तज्ज्ञपरिषदेनेंहि त्याच दिवशीं कोणालाहि पुन्हां खेळवूं नये असें ठरविलें. निर्णय खेळाडूच्या हातून निघून वैद्याच्या हातीं गेला तो असा.

मग हिसका ओळखावा कसा? "तुझें नांव काय?" हा प्रश्न येथें फारसा उपयोगी नाहीं, गोंधळलेला गडीहि नांव बरोबर सांगतो. ऑस्ट्रेलियांतील डेव्हिड मॅडॉक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९५ सालीं दाखविलें कीं ताज्या स्मृतीचे प्रश्न अधिक खरे ठरतात : हें मैदान कोणतें? शेवटचा गुण कोणीं मिळविला? मागचा सामना कोणाशीं झाला? मात्र उत्तरें बरोबर आलीं तरी शंका फिटत नाहीं. शून्य नजर, झोक जाणें, डोकेदुखी, मळमळ, उजेड न सोसणें, तोच प्रश्न पुन्हां पुन्हां विचारणें, यांपैकीं एक लक्षणहि पुरेसें समजावें. वारंवार वांती, झटका, वाढती ग्लानि, मानेंत कळ किंवा हातापायांतील अशक्तपणा दिसल्यास तत्काळ रुग्णालय गांठावें.

पुढील एक-दोन दिवस बेताची विश्रांति. नंतर नित्याचे व्यवहार, हलकें चालणें, एकट्याचा सराव, धडक नसलेला सराव, मग वैद्याच्या संमतीनें पूर्ण सराव, आणि शेवटीं सामना. यांतील व्यायामाच्या प्रत्येक पायरीला निदान २४ तास द्यावे. लक्षणें बळावलीं तर थांबून मागें यावें. विद्यार्थ्यानें आधीं शाळेंत परतावें, मग मैदानांत.

आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेनें १ ऑगस्ट २०१९ पासून अशा खेळाडूच्या जागीं बदली गडी देण्याची मुभा दिली. ३१ जानेवारी २०२५ रोजीं पुण्याजवळ गहुंजे येथें शिवम दुबे यांच्या जागीं हर्षित राणा उतरले, तेव्हां बदली गडी त्याच जातीचा होता कीं नाहीं यावर मोठा वाद झाला. वाद होवोत, पण संघाचें नुकसान होईल या भीतीनें जखमी गड्यानें दुखणें लपवावें, ही सक्ति त्या नियमानें काढून टाकली.

अकोल्याच्या एखाद्या खेड्यांतील शाळेच्या मैदानावर वैद्य नसतो. तेथें पकडींत डोक्यावर आपटलेला मुलगा उठतो, "कांहीं झालें नाहीं, सर" म्हणतो, आणि निर्णय व्यायामशिक्षकाला करावा लागतो. कबड्डींत बाद झालेला गडी प्रतिपक्षाचा गडी बाद होतांच पुन्हां जिवंत होतो. मेंदू हा नियम पाळीत नाहीं. एक सामना हरला तर पुढल्या वर्षीं पुन्हां जिंकतां येतो. म्हणून शंका आली कीं मुलाला बाहेर बसवावें, एकटें सोडूं नये आणि घरच्यांना सांगावें. त्यांत त्या मुलाच्या शौर्याला कमीपणा नाहीं.