रुआंडा आणि मैत्रीची कसोटी

एप्रिल-मे म्हणजे आपल्याकडे व्याख्यानांचे दिवस. १९९४ साली याच दिवसांत, आपण संध्याकाळच्या गार वाऱ्यात व्याख्याने ऐकत असता, आफ्रिकेतील रुआंडा या चिमुकल्या डोंगराळ देशात शेजारी शेजाऱ्याला कोयत्याने तोडीत होता. ६ एप्रिलला राष्ट्राध्यक्ष हब्यारिमाना यांचे विमान पाडले गेले आणि पुढच्या सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली. रुआंडाचे सरकार हा आकडा दहा लाखांहून अधिक सांगते. मेलेल्यांत बहुतेक तुत्सी होते. कत्तलीला विरोध करणारे हुतूही होते. मारणारे व मरणारे एकच भाषा बोलत, एकाच देवळात प्रार्थना करीत. कोण कोणत्या जमातीचा, हे बेल्जियमच्या अमलात सुरू झालेल्या ओळखपत्रावर लिहिलेले असे, आणि नाक्यानाक्यावर तेच पाहून माणसाचा निकाल लागे.

या वेळी जगाने काय केले? २१ एप्रिल रोजी सुरक्षा समितीने तेथील शांतिसेना अवघ्या २७० माणसांवर आणण्याचा ठराव केला. घर पेटलेले असताना बंब परत बोलवावा, तसा हा प्रकार! तथापि काही माणसे मागे राहिली. सेनापती दालेर आणि त्यांचे घानाचे सहकारी आन्यिदोहो यांनी ठाणे सोडले नाही. किगालीतील रेडक्रॉसचे इस्पितळ चालूच राहिले. सेनेगालचा कॅप्टन म्बाय दियाञ हातात शस्त्र नसताना नाक्यांवरच्या मारेकऱ्यांशी हसत-बोलत माणसे सोडवून आणी. ३१ मे रोजी तो तोफगोळ्याने ठार झाला. मित्र कोणास म्हणावे, याचे पहिले उत्तर येथेच मिळते. मित्र म्हणजे जो राहतो तो.

कत्तल थांबल्यावर मात्र मदतीचा पूर लोटला. पण तो कोठे? सुमारे वीस लाख लोक सरहद्दीपलीकडे गेले होते. गोमा येथील छावण्यांत पटकी व हगवण यांनी हजारो बळी घेतले, तेव्हा जगाची दया जागी झाली. परंतु त्याच छावण्यांचा ताबा कत्तलीच्या सूत्रधारांकडे होता, आणि धान्याच्या वाटपातून त्यांचीच सत्ता पोसली जात होती. हे असह्य होऊन 'सीमारहित डॉक्टर' या संस्थेची फ्रेंच शाखा १९९४ च्या अखेरीस छावण्या सोडून गेली. इकडे देशात उरलेल्या विधवा व पोरकी मुले यांच्याकडे पाहणारे थोडे होते. दया आंधळी असू शकते. मैत्रीला डोळे उघडे ठेवावे लागतात.

पुढे क्षमायाचनेचे पर्व आले. १९९८ च्या मार्चमध्ये अध्यक्ष क्लिंटन किगालीस आले, विमानतळावरच बोलले आणि परत गेले. २००० साली बेल्जियमच्या पंतप्रधानांनी क्षमा मागितली. हे आवश्यकच होते. पण क्षमा मागून मन हलके होते ते मागणाऱ्याचे; ज्याचे घर उजाड झाले त्याला उद्या सकाळी कोण उपयोगी पडेल, हा प्रश्न उरतोच.

त्याचे उत्तर रुआंडाच्या लोकांनी प्रथम स्वतः शोधले. तुरुंगांत लाखाहून अधिक आरोपी कोंबलेले. नेहमीच्या कोर्टांनी ते खटले संपवायला शतक पुरले नसते. म्हणून गावच्या गवतावर बसून निवाडा करण्याची जुनी 'गचाचा' पद्धत नव्या कायद्याने उभी केली. २०१२ पर्यंत सुमारे बारा हजार गावपंचायतींनी एकोणीस लाखांच्या आसपास प्रकरणे हातावेगळी केली. या न्यायात दोष होते. आरोपीला वकील नव्हता, आणि विजयी पक्षाच्या सैनिकांचे गुन्हे तेथे आलेच नाहीत. तरी आपल्या माणसांची प्रेते कोठे पुरली, हे अनेकांना तेथेच कळले.

आणि गाय! रुआंडात एकाने दुसऱ्याला गाय दिली की दोन घराण्यांचे नाते जुळते. आपल्याकडे गोदानाचे पुण्य दात्याच्या पदरी पडते. तेथे गाय दोघांनाही बांधते. २००६ पासून सरकारने 'गिरिंका' योजनेत गरीब घरांना गायी दिल्या. अट एवढीच, की पहिली कालवड शेजाऱ्याला द्यावी. घेणारा असा देणारा होतो. २०१८ च्या जुलैत भारताच्या पंतप्रधानांनी रुवेरू गावात २०० गायी दिल्या, त्या रुआंडातच खरेदी केलेल्या. देणगी लहान होती, पण ती त्या लोकांच्या रीतीने दिलेली होती, हे आम्हांस महत्त्वाचे वाटते. डॉ. पॉल फार्मर यांची संस्था २००५ मध्ये तेथे गेली तीही सरकारच्या आरोग्ययोजनेत सामील होऊन. बुतारो येथील इस्पितळ २०११ मध्ये उभे राहिले ते तेथल्याच दगडांचे व तेथल्याच गवंड्यांच्या हातचे.

आता अवघड गोष्ट. शेजारच्या काँगोत रुआंडाच्या सैन्याने केलेल्या हत्यांचा अहवाल संयुक्त राष्ट्रांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केला; देशात विरोधकांचा आवाज दाबला जातो, हेही लपलेले नाही. १९९४ च्या लाजेपायी पुष्कळ राष्ट्रांनी याकडे वर्षानुवर्षे डोळेझाक केली. ही मैत्री नव्हे. हे आपल्याच अपराधी मनाचे लाड! ज्याचे दुःख आपण मानले, त्याची चूकही त्याला तोंडावर सांगता आली पाहिजे. मात्र तो अधिकार मिळतो जवळ राहिलेल्याला, विमानतळावरून परतणाऱ्याला नव्हे.

भाजून निघालेल्या माणसाला आपली कणव फार काळ पुरत नाही. त्याला बरोबरीने वागवणारा, त्याच्या रीतीने देणारा, खरे बोलणारा आणि न जाणारा शेजारी हवा असतो. रुआंडाने एवढे शिकविले. दुसऱ्या कोणाचे घर पेटेल, तेव्हा हे आठवावे. आणि जमल्यास, ते पेटण्यापूर्वीच.