जोडलेल्या चौकटीतला मजकूर बसतो कुठे?

कॉलेजचं टाइमटेबल डोळ्यांसमोर आणा. डावीकडे तास, वर वार. बुधवारी ११ ते १ प्रॅक्टिकल, म्हणून तिथे दोन चौकटी जोडून एकच केलेली. आता 'प्रॅक्टिकल' हा शब्द त्या जोडचौकटीत वर लिहायचा, मधोमध की खाली? वर लिहिला तर घाईत बघणाऱ्याला वाटेल, प्रॅक्टिकल १२ला संपतंय. खाली लिहिला तर वाटेल, १२ला सुरू होतंय. मधोमध लिहिला की दोन्ही तास त्याचेच, हे न सांगता कळतं. टाइमटेबलच्या जागी औषधांच्या डोसचा तक्ता असेल, तर हा प्रश्न नुसत्या देखणेपणाचा राहत नाही.

पट्टी-पेन्सिल घेऊन हे काम चुटकीसरशी होतं. कोड लिहून मजकूर छपाईला तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरला मात्र याच गोष्टीने चाळीसहून जास्त वर्षं घाम फोडला आहे.

सुरुवात अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये झाली. तिथे युनिक्सवर छपाईसाठी 'ट्रॉफ' नावाचा प्रोग्रॅम होता. त्यात तक्ते करणं फार किचकट, म्हणून माइक लेस्क यांनी १९७०च्या दशकात 'टीबीएल' लिहिला. त्यात तक्त्याचं वर्णन अक्षरांनी करायचं: एल म्हणजे डावीकडे, आर म्हणजे उजवीकडे, सी म्हणजे मधोमध. एस लिहिलं की मजकूर शेजारच्या कॉलममध्ये पसरतो, आणि टोपीसारखं चिन्ह (^) दिलं की वरच्या चौकटीतला मजकूर खालच्या रोमध्ये उतरतो. अशा उभ्या जोडचौकटीतला मजकूर टीबीएल आपणहून मधोमध ठेवायचा. वर हवा असेल तर टी जोडायचा. म्हणजे प्रश्न तेव्हाच ओळखला गेला होता आणि त्याचं उत्तरही दिलं गेलं होतं.

त्याच दशकात डोनाल्ड कनूथ आपल्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं पाहून वैतागले आणि १९७७मध्ये त्यांनी स्वतःच टाइपसेटिंगची भाषा रचायला घेतली. ती म्हणजे 'टेक'. टेक आधी तक्ता पूर्ण वाचतं, प्रत्येक कॉलममधली सगळ्यात रुंद नोंद शोधतं आणि त्यावरून रुंदी ठरवतं. मग प्रत्येक रोचा एक बंद डबा होतो आणि हे डबे एकाखाली एक रचले जातात. एकाच डब्यातल्या दोन कॉलमांना जोडणं टेकला पहिल्यापासून जमतं. पण एका डब्यातला मजकूर खालच्या डब्यात कसा जाणार? कनूथ यांनी याचं उभं भावंडही दिलं होतं. त्यात कॉलमांचे डबे होतात, त्यामुळे रो जोडता येतात. पण मग कॉलम जोडणं हातचं जातं. दोन्ही एकदम मिळत नाही.

१९८०च्या दशकात लेस्ली लॅम्पोर्ट यांनी टेकवर 'लाटेक' उभारलं. त्यातल्या 'मल्टिकॉलम' या आज्ञेला तीन गोष्टी सांगायच्या: किती कॉलम जोडायचे, मजकूर डावीकडे-मध्ये-उजवीकडे कुठे ठेवायचा, आणि मजकूर काय. उभ्या जोडणीसाठी तसं काहीच नव्हतं. ती उणीव जेरी लीक्टर यांनी लिहिलेल्या आणि पुढे पिट फान ओस्ट्रम यांनी सांभाळलेल्या 'मल्टिरो' पॅकेजने भरून काढली.

पण कशी? मल्टिरो काहीही जोडत नाही. ते पहिल्या रोमधला मजकूर खाली लोंबकळत ठेवतं. किती खाली, ते नेहमीच्या रोच्या उंचीला रोंच्या संख्येने गुणून ठरवतं. खालच्या चौकटी लिहिणाऱ्याने स्वतः रिकाम्या सोडायच्या. शेजारच्या कॉलममध्ये एखादी नोंद दोन ओळींची झाली की रो उंच होते, गणित चुकतं आणि मजकूर मध्यावरून सरकतो. मग तो हाताने वर-खाली ढकलायचा. त्यासाठी पॅकेजमध्ये वेगळी जागाच ठेवली आहे. देवनागरीत वर वेलांट्या, रफार आणि खाली उकार, जोडाक्षरं. फाँटमधली अक्षरं ठरलेल्या उंचीबाहेर गेली की हाच घोटाळा होतो. चौकटीला रंग दिला तर आणखी गंमत: खालच्या रोचा रंग वरून आलेल्या मजकुरावर बसतो. त्यावरचा उपाय म्हणजे मजकूर शेवटच्या रोमध्ये लिहून रोंची संख्या उणे द्यायची!

वेबने वेगळा रस्ता धरला. डेव्ह रॅगेट यांच्या १९९६च्या तक्त्यांच्या आराखड्यात 'रोस्पॅन' आणि 'कॉलस्पॅन' बरोबरीने होते, आणि उभ्या मांडणीसाठी वर, मध्ये, खाली असे पर्यायही होते. इथे चौकट खरोखर जोडलेली असते. ब्राउझर आधी सगळ्या रोंची उंची काढतो, मग मजकूर बसवतो. तरी एक गाठ उरलीच. जोडचौकटीतला मजकूरच जास्त उंच असेल तर वाढीव उंची कोणत्या रोला द्यायची? २०११मध्ये पक्क्या झालेल्या सीएसएस २.१ने एवढंच सांगितलं की त्या रोंची मिळून उंची पुरेशी हवी. वाटणी कशी करायची, ते सांगितलंच नाही.

लाटेकमध्ये हे चित्र २०२१नंतर बदललं. ज्यानरुई ल्यू यांचं 'टॅब्युलर-अरे' पॅकेज प्रत्येक चौकट आधी मोजून घेतं, मग मांडतं. वाढीव उंची सगळ्या रोंना सारखी वाटायची का, हेही लिहिणाऱ्याला ठरवता येतं. बर्लिनमध्ये जन्मलेल्या 'टाइपस्ट' या नव्या भाषेत रो जोडण्याची सोय मार्च २०२४मध्ये आली.

या सगळ्यात मजकूर दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे होण्यापेक्षा मोठी गोष्ट आहे. 'ही नोंद या तीन रोंची आहे' हे सॉफ्टवेअरला ठाऊक असेल, तर मजकूर मधोमध बसवणं हे साधं गणित आहे. ठाऊक नसेल, तर तो अंदाज आहे. डोळ्यांनी वाचणाऱ्याला अंदाजाने बसवलेला मजकूरही चालून जातो. पण स्क्रीन रीडरवर तक्ता ऐकणारा अंध विद्यार्थी आला, की मल्टिरोने सजवलेल्या त्या जोडचौकटीखाली त्याच्या वाट्याला दोन रिकाम्या चौकटी येतात. त्या तासाला काय आहे, हे त्याला कोणीच सांगत नाही.