डिसेंबर १९८९ : एका पाठीराख्याच्या वैतागाचा इतिहास

ज्या गोष्टीचा शेवट आपल्याला आधीच ठाऊक आहे, ती गोष्ट तिच्या मधल्या एखाद्या पानावर थांबून वाचणे फार अवघड असते. साहित्याच्या अभ्यासकाला हे वेगळे सांगायला नको. इतिहास वाचताना मात्र हे भान अनेकदा सुटते. शेवट माहीत असल्यामुळे मधली माणसे आपल्याला उगीचच आंधळी, उतावीळ किंवा कृतघ्न वाटू लागतात. मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या इतिहासातला एक प्रसंग मला या दृष्टीने महत्त्वाचा वाटतो. खेळाच्या इतिहासात साहित्याच्या अभ्यासकाने का डोकवावे, असा प्रश्न कोणाला पडला तर त्याचे उत्तर पुढील विवेचनातून मिळावे.

शनिवार, ९ डिसेंबर १९८९. ओल्ड ट्रॅफर्ड या घरच्याच मैदानावर युनायटेडचा संघ क्रिस्टल पॅलेसकडून २-१ असा हरला. पॅलेसचा संघ त्याच मोसमात वरच्या श्रेणीत आलेला आणि सप्टेंबरात लिव्हरपूलकडून ९-० असा मार खाल्लेला. त्या दिवशी प्रेक्षकांतल्या एकाने घरून आणलेली चादर उलगडली. तिच्यावर रंगाने लिहिलेल्या मजकुराचा आशय असा होता : तीन वर्षे सबबी ऐकल्या, संघ आहे तसाच टाकाऊ आहे, आता निरोप घ्या. ‘टाकाऊ’साठी तिथे वापरलेला शब्द बराच अधिक रोखठोक होता. निरोपासाठी मात्र त्याने ‘ता-रा’ हा उत्तर इंग्लंडच्या बोलीतला घरगुती शब्द योजला होता. शेजारीण दारातून परत जाताना म्हणते तसा. एकाच वाक्यात शिवी आणि ‘येते हं’ अशी ही रचना आहे. निरोप ज्याला द्यायचा तो होता ॲलेक्स फर्ग्युसन.

पुढचा इतिहास सर्वांना माहीत आहे. हा माणूस २०१३ पर्यंत त्या पदावर राहिला, त्याने तेरा वेळा लीगचे विजेतेपद मिळवून दिले आणि एकूण अडतीस चषक जिंकले. साहजिकच ती चादर पुढे विनोदाचा विषय झाली. संयमाच्या बोधकथेतले मूर्ख पात्र म्हणून तिची वर्णी लागली. माझे म्हणणे असे की हे वाचन चुकीचे आहे. त्या डिसेंबरात उपलब्ध असलेला पुरावा पाहिला, तर चादरीवरचा मजकूर हे परिस्थितीचे अचूक वाचन होते.

तो पुरावा काय होता? युनायटेडने लीग शेवटची जिंकली होती १९६७ साली, मॅट बस्बीच्या काळात. त्यानंतर वीस वर्षांत पाच मॅनेजर येऊन गेले. नोव्हेंबर १९८६ मध्ये फर्ग्युसन स्कॉटलंडमधून आला तो मोठी कीर्ती घेऊन. ॲबरडीनसारख्या क्लबला त्याने १९८३ मध्ये रेआल माद्रिदला हरवून युरोपीय चषक मिळवून दिला होता. युनायटेडमध्ये मात्र पहिल्या मोसमाअखेर अकरावा क्रमांक, मग दुसरा, मग पुन्हा अकरावा. १९८९ च्या उन्हाळ्यात त्याने लोकांचे लाडके नॉर्मन व्हाइटसाइड आणि पॉल मॅकग्रा विकले आणि भरमसाट पैसे मोजून नवे खेळाडू आणले. एकट्या गॅरी पॅलिस्टरसाठी तेवीस लाख पौंड. मोसमाच्या पहिल्याच सामन्यात विजेत्या आर्सेनलला ४-१ असे हरवले, तेव्हा आता दिवस पालटले असे वाटले. महिन्याभरात, २३ सप्टेंबरला, नुकताच वरच्या श्रेणीत परतलेल्या शेजारच्या मँचेस्टर सिटीने ५-१ अशी धूळ चारली. गावातल्या गावात झालेला असा पराभव सोमवारी कामावर जाणाऱ्या माणसाला किती दिवस पुरतो, याची कल्पना वाचकाने करावी. डिसेंबरात तर लीगमधला एकही सामना जिंकता आला नाही. नाताळच्या दुसऱ्या दिवशी ॲस्टन व्हिलाने तीन गोल चढवले, म्हणजे मॅकग्राला ज्यांना विकले होते त्याच क्लबने. हा काळ आपल्या कारकिर्दीतला सर्वांत काळोखा होता, हे पुढे खुद्द फर्ग्युसननेच मान्य केले. मग तोच काळोख स्टँडमधून पाहणाऱ्याला दिसला, यात त्याचे काय चुकले?

आता हा सगळा राग मॅनेजरवरच का निघावा, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर या पदाच्या इतिहासात आहे. आपल्याकडे ‘प्रशिक्षक’ हा शब्द रूढ आहे, पण त्याने या पदाचा आवाका कळत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लिश क्लबांमध्ये संघनिवड संचालकांची समिती करी आणि चिटणीस पत्रव्यवहार पाही. त्या काळी हरलेल्या संघाच्या प्रेक्षकाने बोट दाखवायचे कोणाकडे? फार तर सगळ्या समितीकडे. हर्बर्ट चॅपमनने आधी हडर्सफील्डमध्ये आणि १९२५ पासून आर्सेनलमध्ये खेळाची आखणी, निवड आणि खरेदी यांवर आपला अधिकार प्रस्थापित केला. १९४५ साली बस्बीने युनायटेडचे पद स्वीकारताना संपूर्ण अधिकाराची अट घातली. अधिकार एका माणसाच्या हाती एकवटला, तसा दोषही त्याच्याच माथी एकवटला. संचालकांची यात मोठीच सोय झाली. संघ हरला की मॅनेजर बदलायचा आणि आपली खुर्ची शाबूत ठेवायची. नायक आणि बळीचा बकरा या दोन्ही भूमिका एकाच पात्राकडे सोपवणारी ही रचना आहे.

१९८९ मध्येही पडद्यामागे बरेच काही घडत होते. क्लबचे अध्यक्ष मार्टिन एडवर्ड्स यांनी त्या ऑगस्टात क्लब मायकेल नाइटन नावाच्या व्यावसायिकाला विकायचे ठरवले होते. व्यवहार सुमारे दोन कोटी पौंडांचा. आर्सेनलविरुद्धच्या त्या पहिल्या सामन्याआधी हा भावी मालक खेळाडूंचा पोशाख घालून मैदानात उतरला आणि पायावर चेंडू नाचवून त्याने प्रेक्षकांना अभिवादन केले. ऑक्टोबरात व्यवहार फिसकटला. आपल्या क्लबची अशी घाऊक बोली लागलेली पाहूनही चादरीवर नाव आले ते मॅनेजरचेच. प्रेक्षकाच्या वाचनातली उणीव शोधायचीच असेल तर ती इथे आहे. अर्थात मालकाचे नाव लिहून काही उपयोग झाला असता, असेही नाही.

त्याच्याजवळ दुसरे साधन तरी काय होते? एप्रिल १९८९ मध्ये हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी झाली. तिच्या बळींची संख्या आज ९७ मानली जाते. पोलिसांनी आणि वृत्तपत्रांच्या एका भागाने दोष ढकलला तो प्रेक्षकांवरच. म्हणजे ज्या वर्षी ती चादर उलगडली गेली, त्या वर्षी इंग्लंडमध्ये फुटबॉलचा प्रेक्षक हा अधिकृत कथनात संशयित इसम होता. त्याला मत असू शकते, स्मरणशक्ती आणि विनोदबुद्धी असू शकते, हे कोणाच्या गावीही नव्हते. ही जागा भरून काढली ती प्रेक्षकांनीच चालवलेल्या ‘फॅन्झिन’ नावाच्या स्वस्त पत्रिकांनी. ‘व्हेन सॅटर्डे कम्स’ १९८६ साली निघाले, युनायटेडच्या पाठीराख्यांचे ‘रेड न्यूज’ १९८७ साली. मैदानाबाहेर हातोहात विकल्या जाणाऱ्या या पत्रिकांत क्लबच्या अधिकृत कार्यक्रमपत्रिकेत कधीही न येणारी भाषा आली. साठोत्तरी लघुअनियतकालिके ज्यांनी हाताळली आहेत, त्यांना तो ओबडधोबड छापील चेहरा आणि प्रस्थापित भाषेविषयीचा तो तिटकारा ओळखीचा वाटेल. निक हॉर्न्बीचे ‘फीवर पिच’ १९९२ मध्ये आले आणि आर्सेनलच्या एका चाहत्याचे आत्मकथन वाङ्मय म्हणून वाचले गेले. पण त्याला वाचक मिळण्याआधी काही वर्षे या पत्रिकांनी जमीन नांगरून ठेवली होती.

या लेखनाचा स्थायीभाव क्रोध नाही, वैताग आहे. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. रागावलेला माणूस उठून निघून जातो. वैतागलेला जात नाही, पुढच्या शनिवारी पुन्हा तिकीट काढतो. विठ्ठलाला खडसावणारे जनाबाईचे आणि तुकोबांचे अभंग आपण वर्गात शिकवतो, तेव्हा हेच तर सांगत असतो की जिथून उठून जाता येत नाही तिथेच असे भांडता येते. (विठ्ठलाला पदावरून काढता येत नाही, हा भेद आहेच.) चादर धरणारा तो प्रेक्षकही कुठे गेला नाही. तो युनायटेडचाच राहिला आणि पुढे त्याने आपल्या या पाठीराखेपणाचे पुस्तकही लिहिले.

आता बोधकथेचा उत्तरार्ध. ७ जानेवारी १९९० रोजी एफ. ए. चषकाच्या तिसऱ्या फेरीत नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध मार्क रॉबिन्स या वीस वर्षांच्या मुलाने मार्क ह्यूजच्या पासवर हेडरने गोल केला. युनायटेड १-० असा जिंकला. त्या गोलाने फर्ग्युसनची नोकरी वाचवली, असे पुढे हजार वेळा लिहिले गेले. त्याला काढण्याचा विचारच नव्हता, असे एडवर्ड्स सांगत आले. खरे काहीही असो, कथेला एक कलाटणी हवी होती आणि तिला ती मिळाली. मे महिन्यात अंतिम सामना झाला तो योगायोगाने क्रिस्टल पॅलेसशीच. आधी ३-३ अशी बरोबरी झाली आणि फेरसामन्यात ली मार्टिनच्या एकमेव गोलावर चषक मिळाला. लीगमध्ये मात्र त्या मोसमात संघ तेरावा आला, आणि हा आकडा कथा सांगताना बहुधा गाळला जातो. लीग जिंकायला १९९३ साल उजाडावे लागले. आपल्याकडच्या तरुणांना हा क्लब कळला तो त्यानंतर, उपग्रह वाहिन्यांवरून. १९९९ च्या मे महिन्यात बार्सिलोनातला अंतिम सामना रात्री जागून पाहणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना फर्ग्युसन भेटला तो थेट शेवटच्या प्रकरणात.

बोधकथा निरुपद्रवी असती तर तिच्याविषयी एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. पण ती वापरली गेली. १२ मे २०१३ रोजी निरोपाच्या भाषणात फर्ग्युसनने प्रेक्षकांना आठवण करून दिली, की वाईट काळात क्लब माझ्या पाठीशी उभा राहिला होता, आता नव्या मॅनेजरच्या पाठीशी उभे राहणे हे तुमचे काम आहे. नवा मॅनेजर डेव्हिड मॉइस. त्याचा करार सहा वर्षांचा होता. स्टँडमध्ये त्याच्या निवडीचा गौरव करणारा मोठा फलकही लागला. त्या मोसमात एव्हर्टन, न्यूकासल, लिव्हरपूल, सिटी असे एकामागून एक संघ ओल्ड ट्रॅफर्डवर जिंकून गेले, आणि दर पराभवानंतर कोणी ना कोणी १९८९ चा दाखला देई. तक्रार करणाऱ्याचे तोंड बंद करायला तेवढे पुरत असे. आपल्या आजोबांसारखे मूर्ख ठरायचे नसेल तर गप्प बसा! २९ मार्च २०१४ रोजी, ॲस्टन व्हिलाविरुद्धच्या सामन्यावेळी, काही पाठीराख्यांनी मॉइसला हटवण्याची मागणी करणारा फलक विमानामागे बांधून मैदानावरून फिरवला. खाली बसलेल्यांपैकी अनेकांनी त्या विमानाचीच हुर्यो उडवली आणि मॅनेजरसाठी टाळ्या वाजवल्या. साडेतीन आठवड्यांनी, २२ एप्रिलला, संचालकांनी मॉइसला काढून टाकले. संयमाचा उपदेश फक्त प्रेक्षकांसाठी होता, हे त्या दिवशी उघड झाले. नंतरच्या काळात लुई व्हान खालला तर एफ. ए. चषक जिंकल्यावर दोन दिवसांत घरी पाठवले गेले.

दरम्यान वैतागाची दिशा थोडी बदलली होती, हे नोंदवायला हवे. २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाने कर्ज काढून क्लब विकत घेतला आणि त्या कर्जाचा बोजा क्लबवरच टाकला. तेव्हा काही पाठीराखे खरोखरच उठून गेले आणि त्यांनी स्वतःचा वेगळा क्लब काढला. २ मे २०२१ रोजी मालकांविरुद्धच्या निदर्शनांत प्रेक्षक मैदानात घुसले आणि लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला. चादरीवर १९८९ मध्ये जे नाव आले नव्हते, ते आता आले होते. मॅनेजर बदलायचे काही थांबले नाहीत. २०२४-२५ च्या मोसमात तर दोन मॅनेजर झाले आणि संघ पंधरावा आला.

फर्ग्युसनच्या कथेत ज्याचे नाव सहसा येत नाही, अशा एका माणसाविषयी शेवटी लिहायचे आहे. फ्रँक ओफॅरेल जून १९७१ मध्ये युनायटेडचा मॅनेजर झाला. त्या नाताळात संघ लीगमध्ये सर्वांच्या पुढे होता. मग घसरण सुरू झाली आणि मोसमाअखेर आठवा क्रमांक आला. त्याच मोसमात त्याने ॲबरडीनमधून मार्टिन बकन हा तरुण बचावपटू आणला. १६ डिसेंबर १९७२ रोजी संघ ५-० असा हरला, तोही क्रिस्टल पॅलेसकडूनच, आणि त्याच आठवड्यात ओफॅरेलला काढून टाकण्यात आले. त्याला मिळाले ते अठरा महिने. १९७७ साली युनायटेडने लिव्हरपूलला हरवून एफ. ए. चषक जिंकला तेव्हा तो स्वीकारणारा कर्णधार होता मार्टिन बकन. ओफॅरेल मार्च २०२२ मध्ये, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी वारला.