पाचारण आणि बोली : पश्चिम खानदेशातील एक प्रश्न

ख्रिस्ती धर्मसेवेस आयुष्य वाहण्याच्या प्रेरणेस मराठी बायबलच्या भाषेत ‘पाचारण’ म्हणतात. वरिष्ठाने सन्मानपूर्वक बोलावणे, असा या शब्दाचा ध्वनी आहे. शब्द भारदस्त खरा. परंतु तो ग्रंथातला.

खानदेशात त्याची कसोटी लागली. १८९० मध्ये स्वीडनमध्ये जन्मलेल्या फ्रेडरिक फ्रान्सन यांनी अमेरिकेत स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन उभारले. चीनसाठी एक हजार धर्मसेवक हवेत, ही हडसन टेलर यांची हाक त्यास निमित्त झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याच संस्थेची माणसे नंदुरबार-नवापूरकडे आली. हाक चीनची, उत्तर मात्र तापीकाठी!

१९०६ मध्ये खानदेशचे विभाजन झाले, तेव्हा हा सारा मुलूख शिंदखेड्यासह पश्चिम खानदेशात गेला. येथील घरांत बोलत ती अहिराणी वा भिल्ली. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणात, १९०७ च्या खंडात, खानदेशीस भिल्ली बोलींच्या पंक्तीस बसविले आहे. तो खंड सिद्ध करणारे स्टेन कोनो नॉर्वेचे, हा योगायोग मौजेचा. धर्मसेवकांच्या हाती शास्त्र होते ते मात्र प्रमाण मराठीत.

मिशनांच्या इतिहासात ठाणी व बाप्तिस्मे मोजले जातात. या भाषिक अंतराकडे दुर्लक्ष होते, असे आमचे मत आहे. ते अंतर स्थानिक प्रचारकासच कापावे लागे. त्याचे स्वतःचे पाचारण कोणत्या शब्दांत झाले, हे शोधावयाचे तर वार्षिक अहवालांआधी भिल्ली भजने तपासावी लागतील.